‘होईल तेवढं सगळं करा’ म्हणण्याआधी

इच्छामरणावर पुण्यात व्याख्यान ठेवलं तर खुर्च्या कमी पडतात. श्रोते बहुतेक सत्तरीपुढचे, पेन्शनवाले, कित्येकांची मुलं परदेशात. प्रश्नोत्तरांत एक प्रश्न ठरलेला असतो: "आपल्याकडे हा कायदा कधी होणार?" पण तुम्हाला नेमकं काय हवंय, असं विचारलं की उत्तरं वेगळीच येतात. "शेवटी नळ्या नकोत." "मशीनवर ठेवू नका." "मुलांना कर्जात घालून जायचं नाही." "हाल नकोत." यातलं जवळजवळ सगळं आजच्या कायद्यात बसतं. २०१८ पासून बसतं, आणि २०२३ मध्ये त्याची प्रक्रियाही बरीच सोपी झाली. तरी लोक कायद्याची वाट बघत बसलेत, कारण इच्छामरण या एका नावाखाली आपण चार निरनिराळ्या गोष्टी कोंबल्या आहेत.

रुग्णाच्या विनंतीवरून डॉक्टरनं औषध टोचून त्याचं आयुष्य संपवणं, ही पहिली. नेदरलँड्स आणि बेल्जियमनं २००२ मध्ये तिला कायद्याची चौकट दिली, कॅनडानं २०१६ मध्ये. दुसऱ्या प्रकारात डॉक्टर फक्त औषध लिहून देतो. ते घ्यायचं की नाही हे रुग्ण ठरवतो आणि शेवटची कृती त्याच्याच हातून होते. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात १९९७ पासून हे चालू आहे. तिथं दोन डॉक्टरांच्या मते रुग्णाचं आयुष्य सहा महिन्यांपेक्षा जास्त उरलेलं नसावं लागतं, आणि निर्णय घेण्याइतकी त्याची बुद्धी शाबूत असावी लागते. त्या राज्याच्या अनुभवातली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. ज्यांना औषधाची चिठ्ठी मिळते, त्यांतले साधारण एकतृतीयांश लोक ते औषध कधी घेतच नाहीत. वेळ आलीच तर हाताशी काही आहे, एवढ्या भरवशावर त्यांचे उरलेले दिवस निघतात. स्वित्झर्लंडमध्ये तर, हेतू स्वार्थी नसेल तर, अशी मदत करणं १९४२ पासून गुन्हा नाही, म्हणून बाहेरच्या देशांतले रुग्णही तिथं जातात.

भारतात हे दोन्ही गुन्हे आहेत. संमती घेऊन जीव घेतला तरी भारतीय न्याय संहितेत तो सदोष मनुष्यवध ठरतो. औषध आणून हातात दिलं तर आत्महत्येला साहाय्य केल्याचा गुन्हा. ‘त्यांनी हात जोडून विनवलं होतं’ या बचावानं कलम बदलेल, सुटका होणार नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे ज्या उपचारानं माणूस बरा होणार नाही, फक्त मरण लांबणार आहे, तो उपचार सुरू न करणं किंवा सुरू असला तर थांबवणं. वर्तमानपत्रांत याला निष्क्रिय दयामरण म्हणतात. चौथी, वेदना शमवणं, मग त्यासाठी मॉर्फिन द्यावं लागलं तरी बेहत्तर. तिसरी गोष्ट भारतात कायदेशीर आहे, ठरलेली पद्धत पाळून. चौथी तर कधीच बेकायदा नव्हती.

इथवर येण्याचा रस्ता महाराष्ट्रातूनच जास्त गेला. मिनू मसानी यांनी सन्मानानं मरण्याच्या हक्कासाठी १९८१ मध्ये मुंबईत संस्था काढली. १९८५ मध्ये प्रा. सदानंद वर्दे यांनी विधान परिषदेत त्यासाठी अशासकीय विधेयक मांडलं. ते पुढं सरकलं नाही. १९८६ मध्ये मारुती दुबळ या पोलीस शिपायाच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयानं आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा देणारं कलम ३०९ घटनाबाह्य ठरवलं. निकाल देणारे न्यायमूर्ती पी. बी. सावंत आणि बी. जी. कोळसे पाटील, दोघंही पुढं पुण्याच्या सार्वजनिक सभांत चांगले परिचित झाले. दहा वर्षांनी, १९९६ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी ग्यान कौर खटल्यात हा विचार उलटवला: जगण्याच्या हक्कात मरण्याचा हक्क येत नाही. पण त्याच निकालात एक फट राहिली. मरण आधीच सुरू झालेलं असेल, तर ते सन्मानानं येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं न्यायालयानं म्हटलं. पुढचं सगळं त्या फटीतून आलं.

मग अरुणा शानभाग. २७ नोव्हेंबर १९७३ च्या रात्री केईएम रुग्णालयातल्या या तरुण परिचारिकेवर तिथल्याच एका सफाई कामगारानं हल्ला केला, कुत्र्याच्या साखळीनं गळा आवळला. मेंदूचा रक्तपुरवठा तुटला आणि त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या. त्यांच्यावर पुस्तक लिहिणाऱ्या पत्रकार पिंकी विराणी त्यांच्यासाठी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. ७ मार्च २०११ ला न्या. मार्कंडेय काटजू आणि न्या. ग्यानसुधा मिश्रा यांनी याचिका फेटाळली. अरुणांच्या वतीनं बोलण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नावर न्यायालयाचं उत्तर होतं: ज्यांनी इतकी वर्षं त्यांना भरवलं, पुसलं, कूस बदलून दिली, त्या केईएमच्या लोकांचा. आणि त्यांना अरुणा हव्या होत्या. इतकी वर्षं अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या अंगावर शय्याव्रण होऊ न देणं म्हणजे काय, हे ज्यानं घरी आजारपण काढलंय त्याला सांगावं लागणार नाही. याचिका फेटाळली गेली, पण त्याच निकालानं उच्च न्यायालयाच्या परवानगीनं उपचार थांबवायची वाट पहिल्यांदा मोकळी केली. अरुणांना त्या वाटेनं जावं लागलं नाही. १८ मे २०१५ ला न्यूमोनियानं त्या गेल्या.

९ मार्च २०१८ ला ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या याचिकेवर पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं निकाल दिला आणि लिव्हिंग विलला मान्यता मिळाली. म्हणजे शुद्धीत असतानाच लिहून ठेवायचं, की मी बोलू शकलो नाही तर माझ्यावर कोणते उपचार करू नयेत. निकाल मोठा, पण प्रक्रिया अशी, की ती पुरी होईपर्यंत रुग्ण थांबणं अवघड. कागदावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही, वीस वर्षं अनुभवाच्या डॉक्टरांचं मंडळ, मग जिल्हाधिकाऱ्यांनी नेमलेलं दुसरं मंडळ, मग दंडाधिकाऱ्यांनी स्वतः रुग्णालयात येऊन बघायचं. अतिदक्षता विभागाच्या डॉक्टरांची संघटनाच शेवटी न्यायालयात गेली आणि २४ जानेवारी २०२३ ला नियम बदलले.

आता आयसीयूच्या बाहेरच्या बाकड्यावर येऊ. समजा, सहकारनगरमधले एक ब्याऐंशी वर्षांचे गृहस्थ आहेत. कर्करोग यकृतापर्यंत पोचलाय, केमो बंद झाली. एका रात्री श्वास लागतो, घरचे घाबरून १०८ ला फोन करतात. रुग्णालयात डॉक्टर विचारतात, "व्हेंटिलेटर लावायचा का?" मुलगी म्हणते, "तुम्हीच सांगा डॉक्टर." डॉक्टर म्हणतात, "निर्णय तुमचा आहे." थोरला मुलगा न्यू जर्सीहून फोनवर: "मी येईपर्यंत काहीही करा, होईल तेवढं सगळं करा." आणि बाबा काय म्हणाले होते, हे कोणालाच नक्की आठवत नाही, कारण तो विषय काढला की आई म्हणायची, "अभद्र बोलू नका."

या क्षणी घरच्यांना दोन गोष्टी माहीत असल्या तर फार फरक पडतो. पहिली: व्हेंटिलेटर न लावणं आणि लावून काढणं यात कायदा आणि वैद्यकीय नीती फरक करत नाही. मनाला तो फरक वाटतो, हे खरं आहे; काढताना आपणच मारलं असं वाटतं. म्हणून चांगले डॉक्टर एक मधला मार्ग सुचवतात. तीन-चार दिवस लावून बघू, न्यूमोनिया उतरला तर ठीक, नाही तर पुन्हा बसून बोलू. असं आधी ठरलेलं असलं की पुढचा निर्णय तेवढा अंगावर येत नाही. दुसरी: व्हेंटिलेटर काढणं म्हणजे प्लग खेचणं असं काही नसतं. आधी धाप आणि अस्वस्थता यांवरची औषधं दिली जातात, मग आधार हळूहळू कमी केला जातो. कोणी काही मिनिटांत जातं, कोणी दिवसभर राहतं. सिनेमात दाखवतात तो सपाट रेषेचा प्रसंग विसरून जा. छातीवर दाब देऊन हृदय पुन्हा चालू करण्याचंही तसंच. धडधाकट माणसाचं हृदय अचानक बंद पडलं तर त्यानं जीव वाचतो. कर्करोगानं पोखरलेल्या ब्याऐंशी वर्षांच्या शरीरात बरगड्या मोडतात आणि बहुतेक वेळा हाती काही लागत नाही. ‘हृदय थांबलं तर हे करू नये’ अशी नोंद रुग्णाच्या कागदांवर कशी करावी, याबद्दल आयसीएमआर या केंद्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेनं २०२० मध्ये मार्गदर्शक तत्त्वं दिली आहेत.

प्रत्यक्षात मात्र होतं ते तिसरंच. पैसे संपतात किंवा धीर संपतो, आणि कोणीतरी सांगतं, "डामा घ्या." म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध, आपल्या जबाबदारीवर डिस्चार्ज. कागदावर नातेवाइकांची सही, रुग्णवाहिकेत श्वास देण्यासाठी हातानं दाबायची पिशवी, आणि घरी पोचल्यावर ती पिशवी बंद. रुग्णालय कागदोपत्री मोकळं, डॉक्टर मोकळे. रुग्णाला मात्र मॉर्फिन नाही, धापेवर औषध नाही, आणि मुलांच्या माथी ‘आम्हीच नेलं’ हे आयुष्यभर. मला विचाराल तर आपल्याकडचं खरं, रोजचं दयामरण हे आहे, फक्त त्यातून दया गाळलेली. यापेक्षा त्याच रुग्णालयात, त्याच डॉक्टरांच्या देखरेखीखाली, कायद्यानं सांगितलेल्या पद्धतीनं उपचार थांबवणं शंभर पटींनी बरं.

ती पद्धत अशी. उपचार करणारे डॉक्टर आणि त्या विषयातले किमान पाच वर्षं अनुभव असलेले आणखी दोन तज्ज्ञ, असं पहिलं मंडळ रुग्णालयच नेमतं. रुग्ण बरा होण्याची आशा नाही, असं त्यांचं मत पडलं की दुसरं मंडळ. त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी सुचवलेला एक डॉक्टर आणि पहिल्या मंडळात नसलेले दोन तज्ज्ञ. दोन्ही मंडळांनी शक्यतो अठ्ठेचाळीस अठ्ठेचाळीस तासांत मत द्यायचं. घरच्यांची किंवा रुग्णानं नेमलेल्या माणसाची संमती घ्यायची, आणि अंमलबजावणीआधी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवायचं. परवानगी मागायची नाही, कळवायचं. लिव्हिंग विल नसलेल्या रुग्णालाही हीच पद्धत लागू आहे, फक्त त्याच्या वतीनं जवळचे नातेवाईक बोलतात. मंडळानं नकार दिला तर उच्च न्यायालयाचं दार आहे. आणि रुग्ण शुद्धीत असेल, समजून-उमजून "मला हा उपचार नको" म्हणत असेल, तर मुळात मंडळाची गरजच पडत नाही. सज्ञान माणसाचं नाही म्हणजे नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य खात्यानं यावर मार्गदर्शक तत्त्वांचा मसुदा काढला, तेव्हा डॉक्टरांच्या संघटनेकडूनच नाराजी आली: आम्ही रोज जे निर्णय घेतो त्यांना तुम्ही संशयाच्या चौकटीत बसवताय. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण आयसीयूच्या बाहेर बसलेल्या माणसाला तो रोजचा निर्णय कोणी नीट समजावून सांगत नाही, यातही आहे.

एक घोळ इथंच मिटवतो. मेंदू मृत होणं ही वेगळी गोष्ट. तिथं मेंदूचं काम कायमचं थांबलेलं असतं, ठरावीक चाचण्या डॉक्टरांचं पथक दोनदा करतं, आणि मग १९९४ च्या कायद्याखाली अवयवदानाचा मार्ग खुला होतो. अरुणा शानभाग मेंदूमृत नव्हत्या. त्या स्वतः श्वास घेत होत्या.

आता चौथी गोष्ट, जी या सगळ्या वादात कायम मागच्या बाकावर बसते. मरण मागणाऱ्या रुग्णाला बऱ्याचदा वेदनेतून सुटका हवी असते, आणि ती देणारं औषध स्वस्त आहे, जुनं आहे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानं मॉर्फिनभोवती परवान्यांचं इतकं कुंपण घातलं, की औषधाच्या दुकानदारांनी आणि रुग्णालयांनी ते ठेवणंच सोडून दिलं. २०१४ च्या दुरुस्तीनं नियम सैल झाले, भीती तेवढी गेली नाही. "मॉर्फिन दिलं म्हणजे संपलं" असं अजून ऐकू येतं. योग्य मात्रेत, हळूहळू वाढवत दिलेल्या मॉर्फिननं माणूस मरत नाही. तो झोपतो, कारण कित्येक दिवसांनी पहिल्यांदा त्याला दुखत नसतं. पुण्याचं भाग्य असं, की महामार्गालगत वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या शुश्रूषेचं, केंद्र १९९७ पासून आहे. कर्करोगाच्या रुग्णांना तिथं मोफत ठेवून घेतात, घरच्यांनाही जखमा धुणं, नळीतून भरवणं, औषधांच्या वेळा शिकवतात. अगदी शेवटच्या आठवड्यात तिथं जायचं असतं, ही समजूत काढून टाका. निदान झाल्यापासून, उपचार चालू असतानाही जाता येतं, आणि लवकर गेलं तर उपयोग जास्त.

अन्नपाण्याचा प्रश्न घरोघरी छळतो. "बाबा जेवत नाहीत, सलाइन लावा." शेवटच्या दिवसांत शरीरालाच अन्न नको होतं. भूक मरते ती मरण जवळ आलं म्हणून. तेव्हा बळंच चढवलेलं सलाइन पायांत आणि फुप्फुसांत साठतं, धाप वाढते. ओठ ओले ठेवणं, तोंड स्वच्छ ठेवणं यानं जास्त आराम पडतो. आपल्या परंपरेला हे ठाऊक होतं. १९८२ च्या नोव्हेंबरात हृदयविकाराच्या झटक्यानंतर विनोबांनी पवनारला अन्न, पाणी आणि औषध नाकारलं आणि १५ तारखेला ते गेले. त्याआधी १९६६ मध्ये सावरकरांचं प्रायोपवेशन, म्हणजे अन्नत्याग करून मरण स्वीकारणं. जैनांच्या संथाऱ्याला, म्हणजे आमरण अन्नत्यागाच्या व्रताला, राजस्थान उच्च न्यायालयानं २०१५ च्या ऑगस्टमध्ये गुन्हा ठरवलं, तेव्हा त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं त्या निकालाला स्थगिती दिली. या उदाहरणांवरून कोणी इंजेक्शनच्या कायद्याचं समर्थन करू लागलं तर मात्र मी सावध होतो. स्वतः अन्न सोडणं वेगळं; दुसऱ्याकडून मरण मागण्यात दुसरा माणूस येतो, आणि तो आला की पैसा, इस्टेट, कंटाळा, दमणूक हे सगळं त्याच्याबरोबर येतं.

म्हणूनच पहिल्या दोन प्रकारांचा कायदा आपल्याकडे आज व्हावा, असं मला वाटत नाही. तत्त्व म्हणून त्याला माझा विरोध नाही. पण निवड खरी असायला दोन पर्याय तरी खरे हवेत. ज्या जिल्ह्यात मॉर्फिन मिळत नाही, जिथं एका आयसीयूच्या बिलात शेत जातं, तिथं म्हातारीनं "मला सोडवा" म्हटलं तर ते तिचं मत आहे की घराची अडचण, हे कोण ठरवणार? काही वर्षांपूर्वी गिरगावातल्या एका निवृत्त दांपत्यानं राष्ट्रपतींकडे इच्छामरण मागितलं होतं. दोघांना कोणताही असाध्य आजार नव्हता, मूलबाळ नव्हतं, आणि परावलंबी होऊन जगायचं नव्हतं. त्यांची मागणी मला हास्यास्पद वाटली नाही. पण तिचं उत्तर डॉक्टरकडे आहे, असंही वाटलं नाही. आणि आजार नसताना मरणाचे विचार सतत येत असतील तर त्यामागे बरं होण्याजोगं नैराश्य असू शकतं, म्हातारपणीसुद्धा. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक त्यासाठी आहे, चोवीस तास, मराठीतही.

राहिला कागद. सज्ञान आणि शुद्ध बुद्धीच्या कोणालाही लिव्हिंग विल करता येतं, त्यासाठी आजारी असावं लागत नाही. वकील लागतोच असं नाही. तुम्ही आणि दोन साक्षीदार, शक्यतो घराबाहेरचे, नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही करता, की झालं. संपत्तीच्या मृत्युपत्रात हे घालू नका. ते उघडतं माणूस गेल्यावर, आणि याची गरज त्याआधी. कागदात तुमच्या वतीनं बोलणाऱ्याचं नाव हवं. एकापेक्षा जास्त नावं चालतात, आणि माझं मत असं की पहिलं नाव त्याचं घाला जो पुण्यात राहतो आणि दडपणाखाली डगमगत नाही. सर्वांत लाडकं मूल या कामाला योग्य असतंच असं नाही. ‘मला सन्मानानं मरू द्यावं’ एवढंच लिहिलंत तर डॉक्टरांना त्यातून काहीच कळत नाही, आणि संदिग्ध कागद मंडळ अमलात आणत नाही. व्हेंटिलेटर, डायलिसिस, छातीवर दाब देणं, पोटात नळी, यांची नावं घेऊन लिहा. कोणत्या अवस्थेत नको तेही लिहा. वेदनाशमन मात्र हवं, हेही स्पष्ट लिहा.

एक प्रत फॅमिली डॉक्टरकडे, एक त्या नेमलेल्या माणसाकडे, आणि एक महापालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या नियुक्त अधिकाऱ्याकडे द्यायची असते. हे अधिकारी महाराष्ट्रात नेमले गेले त्यामागे मुंबईचे डॉ. निखिल दातार यांची उच्च न्यायालयातली जनहित याचिका होती. पुणेकरांनी महापालिकेच्या आरोग्य विभागात चौकशी करावी, आणि पहिल्या खिडकीवर कोणाला माहीत नसलं तर दुसरी खिडकी गाठावी. हे कौशल्य पुणेकरांना शिकवायला नको. मूळ कागद बँकेच्या लॉकरमध्ये ठेवू नका. रात्री दोन वाजता बँक उघडत नाही.

मन बदललं तर लेखी कळवून कधीही रद्द करता येतं, बदलताही येतं, पण बदल करतानाही पहिल्यासारखीच साक्षीदार-नोटरीची पद्धत पाळावी लागते. रद्द न केलेले दोन कागद सापडले तर शेवटी सही केलेला धरला जातो. तेव्हा नवा केलात की जुना फाडा, आणि जुन्याची प्रत ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडून परत मागून घ्या.